क्षार (रसायनशास्त्र)

क्षार ही मराठी रसायनशास्त्रातील संज्ञा असून आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून पाण्याबरोबर तयार होणाऱ्या आयनिक संयुगास ती लावली जाते. हायड्रोक्लोरिक आम्ल व सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या उदासिनीकरणातून मिळणारे सोडियम क्लोराइड, म्हणजेच मीठ, हे तिचे परिचित उदाहरण होय. हिंदीत मात्र अशा संयुगांना 'लवण' म्हणतात व 'क्षार' हा शब्द अल्कलीसाठी वापरतात. म्हणजे एकाच शब्दाने तेथे अभिक्रियेत भाग घेणारा पदार्थ, तर मराठीत तिचे फलित सूचित होते. दोन्ही भाषांतील पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो.

व्युत्पत्ती

हा शब्द संस्कृत असून सुश्रुतसंहितेत त्याचा संबंध क्षरण (झिजवणे, गाळून पाडणे) या क्रियेशी जोडला आहे. तेथील क्षार म्हणजे वनस्पतींची राख पाण्यात कालवून, गाळून व आटवून केलेला दाहक पदार्थ. त्याचे मृदू, मध्यम व तीक्ष्ण असे प्रकार सांगितले असून तो आम्लाने शमतो, हेही नोंदवले आहे. राखेत मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते. त्यात भाजलेला चुना मिसळल्यास अधिक तीव्र असे पोटॅशियम हायड्रॉक्साइड बनते. मूळ अर्थाने क्षार हा अल्कलीच होता, तेव्हा हिंदीतील वापर या अर्थाला अधिक जवळचा म्हणावा लागेल.

मराठीतील अर्थविस्तार समजण्याजोगा आहे. सज्जीखारातील सोडियम कार्बोनेट व्याख्येने क्षार (लवण) असूनही त्याचे द्रावण आम्लारिधर्मी असते. 'क्षार'पासूनच आलेल्या 'खार' या शब्दाने तर खारे पाणी आणि पापडखार या दोहोंना सामावून घेतले. पाठ्यपुस्तकांत आता आम्लारी, पाण्यात विरघळणारी आम्लारी ती अल्क, आणि क्षार असा भेद केला जातो.

शेतीतील वापर

शेतीत हा भेद केवळ शाब्दिक राहत नाही. क्षारपड जमिनीत विद्राव्य क्षार साचलेले असतात व सामू साधारणतः ८.५ पेक्षा कमी असतो. चर काढून व गोडे पाणी देऊन ते क्षार धुऊन काढता येतात. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असल्याने सामू ८.५ च्या वर जातो आणि पाणी मुरत नाही. तेथे आधी जिप्सम घालून सोडियमच्या जागी कॅल्शियम आणावे लागते. नुसते पाणी दिल्याने जमीन सुधारत नाही.