मोटार-शर्यतीच्या गेममधून ग्राफिक्स कार्डाचे मापन

संगणकाच्या पडद्यावर हलताना दिसणारे चित्र ही वस्तुतः स्थिर चित्रांची मालिका असते. अशा एका चित्रास फ्रेम म्हणतात, आणि ती रंगविण्याचे काम ज्या यंत्रभागाकडे सोपविलेले असते तो म्हणजे ग्राफिक्स कार्ड. एका सेकंदात किती फ्रेम निघाल्या ह्यावरून कार्डाची योग्यता ठरविण्याचा प्रघात आहे. प्रघात सोयीचा आहे खरा. परंतु ज्या आकड्याच्या भरवशावर ग्राहक हजारो रुपये खर्च करतो तो नेमके कशाचे माप देतो, हे पाहू गेल्यास प्रकरण वाटते तितके सरळ राहत नाही. मोटार-शर्यतीचे व्हिडिओ गेम ह्या बाबतीत विशेष बोधप्रद ठरतात.

ह्या गेमची पहिली सोय अशी की, त्यांत मार्ग बांधलेला असतो. इतर गेममध्ये खेळणारा मन मानेल तिकडे भटकतो; शर्यतीत मात्र तीच वळणे त्याच क्रमाने पुनःपुन्हा येतात. कोडमास्टर्स ह्या ब्रिटिश संस्थेने २००९ सालच्या ‘डर्ट २’मध्ये मापनाची सोय गेममध्येच अंतर्भूत केली होती, तिच्या ‘एफ वन’ मालिकेतही ती आढळते, आणि तेथे मार्ग व हवामान निवडता येते. हवामानाची निवड ही क्षुल्लक बाब नव्हे. पाऊस, तुषार व धूर हे पारदर्शक थर एकावर एक रचावे लागत असल्याने पडद्यावरील तोच बिंदू अनेकदा रंगवावा लागतो. गाडीच्या चकचकीत पत्र्यात भोवतालचे प्रतिबिंब दाखवावयाचे, तर तो परिसर वेगळा रेखाटावा लागतो. आरशात मागची गाडी दिसावयाची, तर पाठीमागील दृश्याचीही स्वतंत्र आखणी करावी लागते. प्रारंभरेषेवर वीस गाड्या एकत्र असताना हा सर्व भार एकवटतो आणि शर्यत पांगली की उतरतो. अर्थात कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर घेतलेले माप पावसाळी गर्दीविषयी फारसे काही सांगत नाही.

आता सरासरीचा प्रश्न. समजा, एका सेकंदात ६० फ्रेम निघाल्या. त्या समान अंतराने आल्या असतील, तर प्रत्येकीस सुमारे १६.७ मिलिसेकंद लागले. परंतु ५९ फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आणि उरलेली एकच फ्रेम ४१० मिलिसेकंदांत निघाली, तरीही सेकंदास ६० हाच आकडा मिळतो. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी त्या ४१० मिलिसेकंदांत सुमारे २३ मीटर पुढे गेलेली असते. तेवढा वेळ खेळणाऱ्यापुढे गोठलेले चित्र असते, आणि वळण बहुधा तेवढ्यातच निसटते. तक्त्यात मात्र दोन्ही कार्डे सारखीच शोभतात! ही त्रुटी पूर्वी जाणवत नव्हती असे नाही. तथापि ‘टेक रिपोर्ट’मध्ये स्कॉट वासन यांनी २०११ साली प्रत्येक फ्रेमचा काळ स्वतंत्रपणे मांडणारी पद्धती पुढे आणली, आणि तेव्हापासून परीक्षणांचा रोख बदलला. सर्वांत मंद अशा शेकडा एक फ्रेमांचे माप आज सरासरीच्या शेजारी छापले जाते. त्यातही तारतम्य हवे. ९० सेकंदांच्या फेरीत सेकंदास ६० प्रमाणे ५,४०० फ्रेम होतात. त्यांतील शेकडा एक म्हणजे ५४, आणि हजारी एक म्हणजे अवघ्या पाच. पाच फ्रेमांवरून कार्डांचा श्रेष्ठकनिष्ठभाव ठरविणे धाडसाचे होय.

मापन पुनरावृत्तिक्षम असावे, ही शास्त्राची पहिली अपेक्षा. परंतु ग्राफिक्स कार्डांच्या इतिहासात हीच अपेक्षा एकदा अंगाशी आली. ‘थ्रीडीमार्क०३’ ह्या मापन-प्रणालीत कॅमेऱ्याचा मार्ग ठराविक होता. २००३ च्या मे महिन्यात असे उघड झाले की, एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्या मार्गावरून न दिसणारा दृश्याचा भाग रंगवीतच नाही. (ड्रायव्हर म्हणजे येथे गाडी हाकणारा नव्हे, तर कार्डास आज्ञा पोहोचविणारी आज्ञावली.) कॅमेरा मार्गाबाहेर नेताच चित्रात भगदाडे दिसू लागली. फ्यूचरमार्क ह्या निर्मात्या संस्थेने प्रणालीत दुरुस्ती केल्यावर एका कार्डाचे गुण शेकडा २४.१ ने घसरले. प्रतिस्पर्धी एटीआयच्या कार्डाचेही शेकडा १.९ ने उतरले. पुढच्याच महिन्यात फ्यूचरमार्क व एनव्हिडिया यांनी संयुक्त निवेदन काढून ह्या प्रकारास फसवणूक न म्हणता विशिष्ट प्रणालीपुरती केलेली सुधारणा असे सौम्य नाव दिले. एटीआयलाही ह्या बाबतीत सोवळे राहता आले नव्हते: २००१ साली ‘क्वेक ३’ गेमच्या फाइलीचे नाव बदलून ‘क्वॅक ३’ करताच तिच्या कार्डाचा वेग उतरला आणि चित्र मात्र सुधारले, कारण ड्रायव्हर नावावरून गेम ओळखून चित्राचा दर्जा कमी करीत होता.

ह्या पार्श्वभूमीवर, ज्या मापनात संगणकच गाडी हाकतो आणि खरोखरीची शर्यत होते, त्यातील दोष हाच काहीसा गुण ठरतो. प्रतिस्पर्धी गाड्या प्रत्येक वेळी थोड्या निराळ्या चालतात, एखादी घसरून धूळ उडविते. म्हणून डोळ्यांआड काय राहील ह्याचा आगाऊ अंदाज ड्रायव्हरला बांधता येत नाही. त्याचे मोल मात्र अनिश्चिततेच्या रूपाने द्यावे लागते. समजा, एका कार्डास तीन फेऱ्यांत ७१, ७४ व ७० आणि दुसऱ्यास ७३, ७० व ७३ असे आकडे मिळाले, तर त्यांत विजेता कोणीच नाही. आणि तरीही असे विजेते जाहीर होत असतात.

गाड्यांची गती, टायरांची पकड व प्रतिस्पर्ध्यांचे निर्णय यांचे गणित ग्राफिक्स कार्ड नव्हे, तर सामान्यतः मध्यवर्ती प्रोसेसर करतो. तोच मंद असेल, तर उत्तम कार्डही रिकामे बसून राहते. हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. १९२०×१०८० च्या चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात, ३८४०×२१६० च्या चित्रात त्याच्या चौपट. बिंदू चौपट करूनही वेग घटला नाही, तर मापन कार्डाचे झालेच नाही असे समजावे. २०१८ च्या ‘फोर्झा होरायझन ४’मधील चाचणी प्रोसेसरचे व कार्डाचे वेग अलग दाखविते, ही तिची मोठी सोय. एकदा नोंदलेली शर्यत पुन्हा दाखवून माप घेण्याचा मार्ग येथे फसवा आहे. त्यात गणिताचा बराचसा भार उरत नाही.

व्यवहारातील दक्षता थोड्या आहेत. पहिली फेरी वगळावी, कारण तीत पुष्कळशी पूर्वतयारी चाललेली असते. कार्ड तापले की आपला वेग आवरते. म्हणून ते तापल्यावरच मोजावे आणि खोलीचे तापमान नोंदवावे. नागपूरच्या मे महिन्यातील माप व वातानुकूलित प्रयोगशाळेतील माप एका तक्त्यात बसत नाही. पडद्याशी गती जुळविणारी योजना बंद ठेवावी, नाहीतर साठ हर्ट्‌झच्या पडद्यावर सर्वच कार्डे साठाला येऊन थांबतात.

२०२२ सालापासून ह्यात नवी गुंतागुंत आली आहे. एनव्हिडियाच्या ‘डीएलएसएस ३’मध्ये दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये एक कल्पित फ्रेम घातली जाते, पुढील वर्षी एएमडीनेही तशीच योजना आणली. चित्र नितळ दिसते आणि आकडा फुगतो. परंतु कल्पित फ्रेम रचण्यासाठी नंतरची खरी फ्रेम तयार असावी लागते, म्हणून ती क्षणभर रोखून धरावी लागते. आणि मधल्या फ्रेमला सुकाणूचक्राची हालचाल ठाऊकच नसते. सेकंदास शंभर फ्रेम दिसत असल्या, तरी हाताला प्रतिसाद पन्नासांचाच, तोही किंचित उशिराने मिळतो. सबब असे आकडे खऱ्या फ्रेमांच्या रकान्यात न मिसळता वेगळे छापावेत, आणि त्यांच्या शेजारी सुकाणू वळविल्यापासून चित्र वळेपर्यंतचा काळ मिलिसेकंदांत द्यावा.