बोल्टाला जस्ताचा मुलामा

कसबा बावड्याला पंचगंगेच्या काठी शेतीचे पंप आहेत. २०१९ साली महापूर आला, तेव्हा नदीकाठचे कितीतरी पंप बुडाले. असा पंप खोलायला जावे, तर गंजलेला बोल्ट हलत नाही. पाना घसरतो, बोल्टाचे डोके झिजते.

ओल आणि हवा मिळाली की लोखंड गंजते. त्यावर जस्ताचा थर असला, तर आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. बारीक ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त राखण करते. रंगाचे तसे नाही. रंगाला चीर पडली की गंज आत शिरलाच.

हा मुलामा घरच्या छोट्या कारखान्यातही देतात. आधी बोल्टाचे तेल आणि गंज पार काढावा लागतो. तेलकट बोट लागले तरी थर नीट धरत नाही. मग झिंक सल्फेट पाण्यात विरघळवतात. शेतात टाकतो तेच हे, बरं का! त्यात बॅटरीच्या अधिक टोकाला जस्ताची पट्टी आणि उणे टोकाला बोल्ट बांधून सोडतात. घरातली वीज इथे मुळीच लावू नये. पट्टीतले जस्त सुटते, बोल्टावर बसते. थर केसाहून पातळ हवा, नाहीतर नट चढत नाही.

गंज काढायला तेजाब, म्हणजे ॲसिड लागते. ते हळूहळू पाण्यात घालावे. तेजाबात पाणी ओतले तर ते उसळून डोळ्यांत जाते. चष्मा घालावा, काम उघड्यावर करावे. उरलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. मुलामा दिलेला बोल्ट वेल्डिंगला घेऊ नये. त्या धुराने हुडहुडी भरून ताप येतो. आणि इंजिनाचे कडक पोलादी बोल्ट या कामाला वापरू नयेत. ते ठिसूळ होतात आणि पुढे ताण पडला की अचानक तुटतात.