भाड्याचें घर आणि दाराशीं बसलेलें कुत्रें

पंचवटींतील माणसाला वाड्याची संवय असते. मी ज्या वाड्यांत चाळीस वर्षें भाडेकरू म्हणून राहिलों, तो जीर्ण झाला म्हणून उतरविण्यांत आला आणि आम्ही बिऱ्हाडकरू चहूंकडे पांगलों. मला काळाराम मंदिरापासून थोड्या अंतरावर, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. मागें राहिली ती वाड्याच्या दिंडीपाशीं निजणारी एक कुत्री. रंग तांबूस, म्हणून आम्ही तिला तांबी म्हणत असूं. वाडा गेला, तरी ती त्या मातीच्या ढिगाऱ्यापाशींच बसून असे.

पत्नीच्या पश्चात् मी एकटा आहें. तांबीला घरीं आणावें असें मनांत आलें, म्हणून मालकांस विचारलें. गृहस्थ सज्जन, पण, "मास्तर, तुम्ही खुशाल राहा, कुत्रें मात्र नको," असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. ते बसले होते त्यामागील भिंतीवर श्रीदत्ताची तसबीर होती, आणि तींत चार श्वान! मला हंसूं आलें. त्यांच्याहि तें ध्यानांत आलें. ते म्हणाले, "तसबिरींतलें कुत्रें जिना घाण करीत नाहीं आणि रात्रीं भुंकत नाहीं." हें मला खोडतां येईना.

या प्रसंगामुळें मीं कायदा वाचला. त्यांतून जें समजलें, तें माझ्यासारख्या भाडेकरूंच्या उपयोगीं पडेल म्हणून सांगतों.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. कुत्रें पाळण्यास मनाई करणेंच बेकायदेशीर आहे, असें पुष्कळांस वाटतें. ही समजूत अर्धीच खरी आहे. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानें २०१५ सालीं कांहीं मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमतानें ठराव केला तरी गृहनिर्माण संस्थेस रहिवाशांना कुत्रें पाळण्याची बंदी करतां येत नाहीं, असें त्यांत म्हटलें आहे. केरळ उच्च न्यायालयानेंहि २०२१ सालीं याच अर्थाचा निर्णय दिला. परंतु संस्था निराळी आणि घराचा मालक निराळा. संस्थेचा ठराव आपल्यावर लादलेला असतो. मालकाशीं झालेला करार आपण स्वतःच्या सहीनें पत्करलेला असतो.

आपल्या राज्यांत या व्यवहारास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा लागू आहे. त्याचा अंमल ३१ मार्च २००० पासून सुरू झाला. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. हल्लीं बहुतेक घरें लिव्ह अँड लायसन्स पद्धतीनें, बहुधा अकरा महिन्यांकरितां, दिलीं जातात. मुदत संपल्यावर घर सोडलें नाहीं, तर २४ व्या कलमान्वयें दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते. म्हणजे मालकाशीं वाद घालून आपण आज जिंकलों, तरी मुदतीअखेर बिऱ्हाड उचलावें लागणारच.

मीं माझा करार काढून पाहिला. जागेंत कोणतेंहि जनावर पाळणार नाहीं, अशी एक ओळ त्यांत होती आणि खालीं माझी सही होती. "प्रश्न आधीं नीट वाचा, मग उत्तर लिहा," असें मुलांना जन्मभर बजावणाऱ्या मास्तरानें तो कागद न वाचतांच सही केली होती!

एका स्नेह्यानें सुचविलें, "रात्रीं गुपचूप घेऊन या. मालक रोज थोडाच येतो?" हा सल्ला घातक आहे. कुत्रें लपत नाहीं. तें एकदां भुंकलें कीं सारी इमारत जागी होते. मग मालक म्हणतो, कुत्रें काढा, नाहीं तर घर सोडा. अशा वेळीं पुष्कळ माणसें घर राखतात आणि कुत्रें दूर कोठें तरी सोडून येतात. हातचें खाण्याची संवय लागलेलें जनावर तेथें उपाशी फिरतें. त्याला असें निराधार टाकणें हा प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. करार आपण मोडतों आणि भोगतें तें मुकें जनावर.

महाभारतांत धर्मराजाच्या मागोमाग स्वर्गाच्या दारापर्यंत एक कुत्रें गेलें. कुत्र्यासह येणाऱ्यास येथें जागा नाहीं, असें इंद्रानें सांगितलें. धर्मराजानें त्याला उपरण्याखालीं लपविलें नाहीं, आणि टाकलेंहि नाहीं. तो दारांत उभा राहून उघडपणें बोलला. आपणांस घेण्यासारखा धडा हाच आहे.

तेव्हां घर ठरवितांनाच, सहीपूर्वीं, कुत्र्याची गोष्ट काढावी. मालकाला आपलें प्रेम दिसत नाहीं, त्याला धास्ती दिसते. तिला एकेक उत्तर द्यावें. चावण्याची धास्ती असेल, तर पशुवैद्याचा रेबीज लशीचा दाखला दाखवावा. पिलाला तीन महिन्यांच्या सुमारास पहिली लस देतात व पुढें ती वेळोवेळीं पुन्हां टोंचून घ्यावी लागते. नासधुशीची धास्ती असेल, तर तिची भरपाई करण्याचें लिहून द्यावें. जिन्यांत घाण झाल्यास आपण धुवूं, बाहेर नेतांना पट्टा लावूं, हेंहि लिहावें. तीन महिने पाहा, मग ठरवा, असें म्हणावें. आणि संमति मिळाली, तर ती करारांत लिहून घ्यावी. तोंडचा शब्द मालक बदलतांच विरून जातो.

इतर देशांतहि हा प्रश्न आहे. फ्रान्समध्यें १९७० च्या कायद्यानें पाळीव प्राण्यांस सरसकट मनाई करणारी करारांतील अट निरर्थक ठरविली. जर्मनींतील सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें २०१३ सालीं म्हटलें कीं, छापील करारांतून कुत्र्यामांजरांस सरसकट बंदी करतां येत नाहीं; प्रत्येक प्रकरणीं दोन्ही पक्षांचें हित पाहावें. आपल्याकडे असा कायदा नाहीं. पण विचारपूस करून निर्णय देण्यास आपल्या मालकांना कोणी अडविलेलें नाहीं. श्रोत्यांपैकीं जे घरमालक असतील, त्यांनीं 'नको' म्हणण्यापूर्वीं एकदां 'कोणत्या अटीवर?' असें विचारून पाहावें.

मीं मालकांस वरील सर्व अटी घालून पत्र लिहिलें. तांबीचें निर्बीजीकरण झालेलें आहे, तशी खूण म्हणून तिच्या कानाला खांच आहे. लस मीं नुकतीच टोंचून घेतली. मालकांनीं पत्र दोनदां वाचलें आणि नव्या कराराच्या वेळीं पाहूं, असें म्हटलें. त्यास अजून चार महिने आहेत. त्यांनीं नकार दिला, तर या वयांत दुसरें घर शोधावें लागेल, आणि तें मी शोधीन.

तोंपर्यंत रोज सकाळीं गंगेवर जातांना मी भाकरी घेऊन जातों. परततांना तांबी इमारतीच्या फाटकापर्यंत सोबत येते. तिला आंत घेत नाहीं, कारण सही माझी आहे.