'मेलो' आणि 'मेला'

बडोद्यात कॉलेजात शिकणारा माझा भाचा व्हिडिओ गेम खेळताना मधूनच ओरडतो, "मेलो!" पडद्यावर मेलेला असतो दुसराच कोणी, पण भाचा कधी 'मेला' म्हणत नाही. (मित्रांशी बोलताना तो 'मरी गयो' म्हणतो. गुजरातीच्या त्या रूपात मी आणि तो सारखेच दिसतात, मराठीत लपत नाहीत.) गेमवरचे चित्रपट इतक्यांदा का फसतात, हे मला या क्रियापदावरून थोडे उमगले. कादंबरीचा चित्रपट करताना माध्यम बदलते. इथे पुरुषच बदलतो.

१९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या गेममध्ये गोष्ट नावापुरती. मारिओ उड्या मारत राजकन्येला सोडवायला निघतो. मजा असते ती नेमक्या क्षणी उडी साधण्यात. १९९३च्या चित्रपटाने डायनासोरांच्या वंशजांचे अख्खे समांतर जग उभे केले, पण उडी प्रेक्षकाच्या बोटांत राहिली नव्हती.

'द लास्ट ऑफ अस' (२०१३) या गेममध्ये मात्र भक्कम गोष्ट आहे. बुरशीच्या साथीने उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेतून जोएल हा पन्नाशीचा माणूस १४ वर्षांच्या एलीला घेऊन निघतो. शेवटी रुग्णालयात कळते, की तिच्या मेंदूतून साथीवर उपाय मिळू शकेल, पण ती वाचणार नाही. तिला सोडवण्यासाठी जोएल शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या डॉक्टरला ठार करतो. खेळणाऱ्याने हे केल्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही. बटण आपण दाबलेले असते, त्यामुळे जोएलला जाब विचारायला आपल्याला तोंड उरत नाही. एचबीओच्या २०२३च्या मालिकेत हा प्रसंग जवळजवळ तसाच आहे. तिथे आपण नुसते साक्षीदार. अपराधातला माझा वाटा काढून घेतल्यासारखे मला वाटले, आणि चक्क चुकल्याचुकल्यासारखे झाले.

त्याच मालिकेचा तिसरा भाग मात्र गेमला जमले नसते असे काही करतो. गेमची नजर बहुतांशी जोएलला बांधलेली. त्यामुळे फ्रँक आपल्याला भेटतो तो गळफास घेतलेला मृतदेह म्हणूनच. मालिका जोएलला बाजूला ठेवते आणि बिल व फ्रँक यांचा अनेक वर्षांचा संसार दाखवते, अंगणात लावलेल्या स्ट्रॉबेरीसकट. तृतीय पुरुषाचे स्वातंत्र्य लेखकांनी इथे पुरेपूर घेतले आहे.

भाच्याबरोबर हा भाग पाहिला. संपल्यावर तो हळूच म्हणाला, "मेले दोघं."