हळद्या आमच्या परसांत कां येत नाहीं?

गेल्या हिवाळ्यांत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचें अमेरिकेंतील मेरिलंडहून पत्र आलें. वसंत ऋतूंत आपल्या परसांत ‘ओरिओल’ नांवाचा सुंदर पक्षी येतो, व त्याच्याकरितां आपण अर्धें कापलेलें संत्रें खिळ्याला टोंचून ठेवितों, असें त्यानें लिहिलें होतें. आम्हीं तें पत्र वर्गांत वाचून दाखविलें. मुलांनीं कोश उघडला, तों ओरिओल म्हणजे आपला हळद्या! दुसऱ्याच दिवशीं शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर कापलेलीं संत्रीं मांडलेलीं दिसलीं. कावळे आले, बुलबुल आले, खारीहि आल्या. हळद्या मात्र आला नाहीं. पंधरा दिवसांनीं मुलें हिरमुसलीं होऊन विचारूं लागलीं कीं, आमचें चुकलें काय? त्या प्रश्नाचें उत्तर वाचकांसहि उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहों.

पहिली फसगत नांवाची. मेरिलंडमधील पक्षी ‘बाल्टिमोर ओरिओल’ होय. नराचें डोकें काळें, छाती व पोट गडद नारिंगी. लॉर्ड बाल्टिमोर यांच्या कुलचिन्हांतील सोनेरी व काळ्या रंगांवरून त्यास हें नांव मिळालें. १९४७ सालापासून तो मेरिलंडचा अधिकृत पक्षी आहे. युरोपांतून तेथें गेलेल्या लोकांनीं मायदेशांतील ओळखीच्या पक्ष्याचें नांव त्यास दिलें. रंगरूप कांहींसें मिळतें, परंतु दोघांचें कूळ अगदीं निराळें आहे.

हा पक्षी हिवाळा मध्य अमेरिकेंत व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागांत काढून एप्रिल-मेच्या सुमारास उत्तरेकडे परततो. लांबच्या प्रवासानें तो भुकेलेला असतो. म्हणून तेथील जाणते लोक तो येण्यापूर्वींच पान मांडून ठेवितात. संत्र्याच्या गरांत तो मिटलेली चोंच खुपसतो, आंत ती उघडतो व सांचलेला रस पितो. कोणी सहा वाट्या पाण्यांत एक वाटी साखर विरघळवून तें पाणी टांगतात. त्यांत रंग घालूं नये. मधहि घालूं नये, कारण त्यावर बुरशी लवकर धरते. उन्हाळ्यांत तें पाणी दोन-तीन दिवसांनीं बदलावें व भांडें स्वच्छ धुवावें. द्राक्षांची जेली ठेवणें झाल्यास अगदीं थोडी ठेवावी. मोठ्या भांड्यांत ठेविल्यास पिसें चिकटून पक्ष्याच्या जिवावर बेततें.

परंतु पिलें झालीं म्हणजे हाच पक्षी ह्या मेजवानीकडे फारसा फिरकत नाहीं. पिलांच्या वाढीस गोड नव्हे, अळ्या लागतात. आणि त्या झाडांवरच मिळतात. ज्यानें झाडांवर कीटकनाशक फवारलें, त्यानें एका हातानें जेवूं घालून दुसऱ्या हातानें ताट ओढून घेतलें असें समजावें. फळ व साखर पाहुण्यास चार दिवस बोलावितात. त्यास ठेवून घेतें तें झाड.

आतां आपल्या हळद्याकडे वळूं. साइक्स नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें १८३२ सालीं दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. तींत ह्याचें शास्त्रीय वर्णन प्रथम आलें. पुढें पुष्कळ काळ ह्यास युरोपांतील हळद्याचाच पोटभेद मानीत. अलीकडे ती स्वतंत्र जात मानितात. नर हळदीसारखा पिवळाधमक, डोळ्यांतून जाणारी काळी रेघ जणूं काजळाची, मादी हिरवट. त्याचा मंजुळ स्वर कानीं पडतो, परंतु तो स्वतः दाट पानांत दडलेला असतो. जमिनीवर तो क्वचित् उतरतो. वड, पिंपळ व उंबर यांचीं फळें, तुती, पांगारा व सांवर यांच्या फुलांतील रस, आणि किडे व अळ्या हें त्याचें अन्न. अशा पक्ष्यानें उंच झाडावरील आपलें अन्न सोडून कावळ्यांच्या गर्दींत भिंतीवरील संत्र्यासाठीं कां यावें? मुलांचें प्रेम खरें होतें. पाहुण्याची आवड मात्र त्यांनीं विचारली नव्हती.

शाळेच्या विहिरीजवळ एक जुना उंबर आहे. फळांचा सडा पडून घाण होते, म्हणून तो तोडावा असें कांहीं पालकांचें म्हणणें होतें, व तें अगदींच अयोग्य नव्हतें. मुलांनीं त्यावर तोड काढली: रोज सकाळीं पाळीपाळीनें झाडाखालीं झाडून घ्यावयाचें. सावलींत पाण्याचें मातीचें उथळ भांडें टांगलें. तेंहि रोज घांसलें जातें. फेब्रुवारींत एके दिवशीं प्रार्थनेच्या घंटेपूर्वीं उंबरावर पिवळें कांहीं हाललें. संत्रीं मांडणारा मुलगा केरसुणी हातांत तशीच धरून उभा राहिला. आम्हींहि घंटा थोडी उशिरा दिली.

वडील मंडळीस आमची विनंती आहे कीं, परसांतील जुनें फळझाड केवळ केर पडतो म्हणून तोडूं नये. तो केर झाडावयास घरांतील मुलें आहेत. ज्यांच्या परसांत एकहि झाड नाहीं, त्यांनीं येत्या पावसाळ्यांत तुतीचें एक रोप लावावें. तुती लवकर फळास येते. पांखरांप्रमाणें मुलांसहि ती आवडते.