पोटमाळ्यावरची मेथी आणि उजेडाचा हिशेब

दादरच्या बाजारात बोटभर उंचीच्या समुद्र मेथीच्या इवल्या जुड्या मिळतात. किनाऱ्यालगतच्या वाळूत पिकणारी ही मेथी म्हणजे हल्लीच्या भाषेत मायक्रोग्रीन. लालबाग-परळच्या चाळीत समोरच्या टॉवरने गॅलरीतलं ऊन खाल्लं, की हौशी माणूस हीच मेथी पोटमाळ्यावर ट्रेमध्ये पेरतो आणि लोहार चाळीत ग्रो लाइट शोधायला जातो. दुकानदार विचारतो, ‘किती वॅटचा देऊ?’

वॅट म्हणजे दिव्याने घेतलेली वीज. पानाच्या पदरात काय पडलं, हे त्यावरून कळत नाही. लुमेन आणि लक्स ही मापं तर माणसाच्या डोळ्यासाठीच बेतलेली. डोळ्याला ५५५ नॅनोमीटरचा हिरवट उजेड सर्वांत प्रखर वाटतो, म्हणून लक्समीटरही त्यालाच झुकतं माप देतो. पानाला ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले सगळेच प्रकाशकण चालतात. संशोधक मॅक्री यांनी १९७२ मध्ये २२ पिकांवरची प्रकाशसंश्लेषणाची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यात लाल उजेड सरस ठरला, पण हिरवाही वाया जात नव्हता. त्यामुळे लाल-निळ्या मिश्रणाच्या जांभळट दिव्याखाली लक्सच्या आकड्यावर विसंबू नये. पांढऱ्या एलईडीखाली मात्र लक्सला साधारण ७० ने भागावं. दर चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात, त्याचा अंदाज येतो.

मीटर नसला तर फोनचं लक्स-अ‍ॅप घ्या. आकडा अगदी पक्का नसतो, पण दोन जागांची तुलना ठीक होते. बाकीचे दिवे घालवून फोन पानांच्या उंचीवर उताणा ठेवायचा. सेन्सर सेल्फी कॅमेऱ्याच्या आसपास असतो. ट्रेचे नऊ चौकोन कल्पून प्रत्येकाच्या मध्यावर आकडा घ्यायचा. खरी गंमत इथेच कळते. ३० सेंमी उंचीवरच्या बल्बखालून तेवढंच बाजूला सरकलं, की उजेड पाव ते एक तृतीयांश उरतो. दिवा वर उचलला तर फरक कमी होतो, पण उजेडही उतरतो. आणि पोटमाळ्यावर उचलायला जागा असते कुठे? तिथे चार फुटी ट्यूब बरी. लांबीभर उजेड बराच सारखा पडतो, टोकाशी मात्र निम्मा.

२० वॅटच्या ट्यूबखाली फूटभर अंतरावर ३,००० लक्स मिळाले, तर ते झाले ४३ मायक्रोमोल. दिवसाला १४ तास ट्यूब लावली, तर चौरस मीटरवर जेमतेम दोन मोल. बियांतल्या साठ्यावर वाढणाऱ्या कोवळ्या मेथीचं तेवढ्यात भागतं. पालकाला दिवसाला १२ मोल तरी हवेत, म्हणजे तशा सहा ट्यूब, रोज दीड युनिटाहून जास्त वीज, आणि पत्र्याखालच्या पोटमाळ्यात वर त्यांचीही ऊब.