डेंग्यू पुन्हा का होतो?

विषाणूतज्ज्ञ लोकांसमोर बसले की हा प्रश्न हमखास येतो: डेंग्यू एकदा होऊन गेला, मग परत कसा? या विषाणूचे 4 प्रकार आहेत. एकाची लागण झाली की त्याच्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं. इतर तिघांपासून मात्र काही महिनेच. पुढे दुसरा प्रकार शरीरात शिरला, तर जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट त्यांच्याच आधाराने विषाणू पेशींत घुसतो. म्हणून दुसरी लागण जास्त गंभीर होऊ शकते.

आणि एक गोष्ट मला फार कळकळीने सांगावीशी वाटते. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात. धोक्याचा काळ बहुधा तेव्हाच सुरू होतो. पोटात जोराचं दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर तडक रुग्णालय गाठा.